उद्गारचिन्ह-मीमांसा
अर्थात, फाइल न बिघडवता बदलण्याविषयी एक अनावश्यक प्रबंध

१. विषयप्रवेश

टेक्स्ट एडिटरांविषयी आजवर जी शाई सांडली, तिच्यातली बहुतेक 'व्हिम बरा की ईमॅक्स' या वादापायी सांडली. प्रस्तुत प्रबंध तो वाद भांडखोरांच्या हवाली करून एका उपेक्षित विषयाकडे वळतो: आज्ञेच्या शेपटाला लागणारे उद्गारचिन्ह. मेजर कँडींच्या खटपटीने विरामचिन्हे मराठीत रुजली, तेव्हा या चिन्हाकडे हर्ष, शोक आणि आश्चर्य एवढीच खाती होती. फायली पुसण्याचे खाते त्याच्याकडे नंतर आले.

२. पूर्वेतिहास

१९६९ साली केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये 'एड' नावाचा एडिटर लिहिला. चूक झाली की तो म्हणे: '?'. फाइल सापडली नाही, '?'. आज्ञा समजली नाही, '?'. या मौनात अध्यात्म शोधण्याचे कारण नाही. त्या काळच्या टेलिटाइपांपैकी मॉडेल ३३ हे यंत्र कागदावर सेकंदाला दहा अक्षरे ठोकी. त्या चालीने खुलासे छापत बसण्यापेक्षा, समोरच्याला आपले पाप ठाऊकच असणार असे धरून चालणे सोयीचे होते.

बदल जतन न करता एडमधून 'क्यू' म्हणून निघू पाहिले की '?' उमटते. पुन्हा 'क्यू' म्हटले की एड निमूट दार उघडतो. तात्पर्य, हट्ट होता. हट्टाला चिन्ह नव्हते. ते व्हीआयच्या घराण्यात ठळक झाले. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलेत व्हीआय रचला, ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम प्रसिद्ध केला. व्हिम एडइतका अबोल नाही. 'ई३७: शेवटच्या बदलानंतर लिहिलेले नाही', असे तो क्रमांकासह बजावतो आणि वर कंसात सुचवतो की ऐकायचेच नसेल तर '!' जोडा. यंत्राने शंका घ्यावी, माणसाने उद्गार काढावा, अशी ही कामाची वाटणी आहे.

३. प्रकार

(अ) त्यागवाचक: 'क्यू!'. केलेले सगळे सोडून निघणे.

(आ) बलवाचक: 'डब्ल्यू!'. फाइल केवळ वाचनासाठी आहे हे कळूनही लिहिणे. यात फाइलची मालकी आणि परवानग्या बदलू शकतात, दुवे तुटू शकतात, असे व्हिमची पोथीच सांगते.

(इ) मौनवाचक: 'सायलेंट!'. नुसत्या 'सायलेंट'ने साधी बडबड थांबते, चुकांची ओरड ऐकू येते. उद्गारचिन्ह लागले की ओरडही थांबते. चूक मात्र होतेच.

(ई) स्थानभ्रष्ट: 'डब्ल्यू !सॉर्ट' म्हटले तर मजकूर 'सॉर्ट' या प्रोग्रामला पोचवला जातो. 'डब्ल्यू! सॉर्ट' म्हटले तर 'सॉर्ट' नावाच्या फाइलमध्ये तो लिहिला जातो, आणि त्या नावाची फाइल आधी असेल तर तिच्या उरावर. दोन्हींत अक्षरे तीच, फक्त रिकामी जागा चिन्हाच्या एका बाजूची दुसरीकडे गेली.

४. प्रमुख प्रमेय

हाताने टंकलेले उद्गारचिन्ह आणि स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेले उद्गारचिन्ह दिसायला सारखे, पण जातीने भिन्न. पहिले इशारा वाचून झाल्यावर येते. दुसरे, इशारा जन्माला येण्याआधीच त्याला दिलेले उत्तर असते. कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून ठेवावी तसे.

उदाहरण घेऊ. तीन ओळींची स्क्रिप्ट आहे. पहिली ओळ दरपत्रकाची फाइल उघडते, दुसरी सर्वत्र १२ च्या जागी १८ घालते, तिसरी फाइल जतन करते. पहिल्या ओळीत चुकीची कटकट नको म्हणून 'सायलेंट!' आहे. आता समोर कार्यक्रमाचे टिपण उघडे आहे, आणि त्यातला ताजा बदल जतन केलेला नाही. व्हिमच्या मूळ मांडणीत अशा वेळी दुसरी फाइल उघडण्यास नकार मिळतो: ई३७. तो नकार 'सायलेंट!'ने गिळला. व्हिमची जुनी स्क्रिप्टभाषा एक ओळ फसली म्हणून थांबत नाही, पुढची ओळ चालवते. दुसऱ्या ओळीने हाताशी होते त्या टिपणावर काम केले, तिसरीने ते इमानदारीने जतन केले. परिणामी दरपत्रक जसेच्या तसे राहिले, आणि जिजाऊ जयंती १८ जानेवारीला गेली. पडद्यावर एकही चूक दिसली नाही.

५. प्रायश्चित्त

काम 'ट्राय'च्या आत ठेवावे. तिथे चूक झाली की उरलेल्या ओळी चालत नाहीत. 'कॅच'मध्ये अपेक्षित चूकच तिच्या क्रमांकाने धरावी. दिसेल ती चूक पोटात घालणारा 'कॅच' हा 'सायलेंट!'चाच धाकटा भाऊ. बदललेल्या सेटिंग्ज 'फायनली'त पूर्ववत कराव्यात. फंक्शनला 'अबॉर्ट' हे उपपद लावावे, म्हणजे पहिल्याच ठेचेला ते थांबते. महत्त्वाची फाइल थेट न खरडता शेजारी नवी लिहावी, तपासावी आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवावी. दोन्ही एकाच फाइल सिस्टिमवर असतील तर युनिक्समध्ये हा नावबदल अखंड होतो. वाचणाऱ्याला जुनी फाइल मिळते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही.

'व्हीसूडो' हा या मार्गातला आदर्श गृहस्थ. प्रशासकाचे अधिकार कोणाला, हे ठरवणारी फाइल तो आधी प्रतीवर बदलू देतो आणि व्याकरण तपासतो. चूक सापडली तर 'आता काय?' असे विचारतो. चुकीसकट जतन करण्याचा पर्यायही देतो, पण त्यापुढे 'धोका!' असे लिहून. उद्गारचिन्ह यंत्राने स्वतः लावल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

६. आक्षेप व परिहार

पूर्वपक्ष असा: स्क्रिप्टमधले उद्गारचिन्ह एवढे घातक, तर जाणकार 'नॉर्मल'ला '!' लावाच असे का सांगतात? उत्तर: वापरणाऱ्याने कळांना आपल्या सोयीचे नवे अर्थ दिलेले असतात. 'नॉर्मल!' ते बाजूला सारून कळांचा मूळ अर्थ धरते. इथे चिन्ह कोणताही इशारा दडपत नाही, उलट संदिग्धता मिटवते. म्हणून ते निर्दोष.

७. निष्कर्ष

'नॉर्मल!'सारखे निर्दोष सोडून स्क्रिप्टमधल्या प्रत्येक '!'ला एकच प्रश्न विचारावा: तू कोणता इशारा गिळणार आहेस? इशाऱ्याचा क्रमांक सांगता आला तर ते राहू द्यावे, न आला तर खोडावे. परीक्षेला बसण्याची इच्छा असलेल्यांनी व्हिममध्ये 'हेल्प!' टंकून पाहावे. मदतीच्या या आर्त हाकेला व्हिम मदत देत नाही, चूक क्रमांक ४७८ देतो. तिचा संपूर्ण मजकूर: घाबरू नका!