इम्पोर्टेड घोडा

कमरेला घोडा, म्हणजे पिस्तूल, लावून फिरणाऱ्याला बीड जिल्ह्यात दोस्तमंडळी 'लायसन आहे का' असं विचारत नाहीत. 'इम्पोर्टेड आहे का' असं विचारतात. मग हे इम्पोर्टेड येतं कुठून, ते एकदा बघूच.

सामान्य परवानाधारकाला परदेशातून पिस्तूल मागवायला ऐंशीच्या दशकापासून बंदी आहे. सवलत आहे ती मुख्यतः नामांकित नेमबाजांना. त्यामुळे कायदेशीर बाजारात आज जे विलायती पिस्तूल मिळतं, ते बहुधा बंदीच्या आधी आलेलं आणि तेव्हापासून या हातातून त्या हातात गेलेलं असतं. भाव लाखांत जातो तो या टंचाईमुळे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं नाव असलेलं नवं रिव्हॉल्व्हर तर २०२० पासून उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे तयार होतं. कानपूरच्या सरकारी कंपनीने 'प्रबल' काढलं, पॉइंट ३२ बोअरचं, वजन सातशे ग्रॅम. १८ ऑगस्ट २०२३ पासून त्याचं बुकिंग सुरू झालं. पण ते घ्यायचं तर हातात परवाना हवा. आधी कागद, मग हत्यार.

कागदाची अडचण असलेल्यांची सोय वेगळीकडे होते. बिहारमधल्या मुंगेरच्या गावठी पिस्तुलावर पंच मारून 'मेड इन यूएसए' उमटवतात, आणि गिऱ्हाईक त्या अक्षरांचे जास्तीचे पैसे मोजतं. आपल्याला त्याहून जवळ आहे चोपडा तालुक्याच्या हद्दीपलीकडचं, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन हत्यारांच्या भट्ट्या मोडल्या. पुण्यात सापडणाऱ्या कट्ट्यांचा माग तिथवर गेला होता.

पण मला खरा राग आहे तो कागदवाल्या पिस्तुलांचा. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खंडणीच्या वादातून खून झाला. त्यांच्यावर गोळी चालली नव्हती, त्यांना मारहाण करून मारलं. तरी त्यानंतर जिल्ह्याचं लक्ष पिस्तुलांकडे गेलं, आणि ते बरोबरच होतं. खंडणी मागणाऱ्याला गोळी झाडावी लागत नाही. शर्ट जरा वर सरकला की समोरचा गप्प होतो. तेव्हा आकडा बाहेर आला: जिल्ह्यात बाराशेवर शस्त्र परवाने. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी मांडलेल्या आकड्यांत शेजारच्या परभणीत ३२ होते. बीडच्या माणसाच्या जिवाला परभणीच्या माणसापेक्षा चाळीसपट धोका आहे, हे मला कोणीतरी पटवून द्यावं.

हे परवाने आकाशातून पडलेले नाहीत. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलीस ठाण्याकडून चौकशी होते, गुन्हे आहेत का ते बघतात, जिवाला धोका कशाचा ते लिहितात, मग सही होते. इतक्या टेबलांवरून फिरलेल्या कागदाचा मालक रिळात पिस्तूल नाचवतो, परळीत हवेत गोळ्या झाडल्याचा व्हिडिओ गाजतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हँडगन सार्वजनिक जागी होल्स्टरमध्येच ठेवायची, मिरवायची नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पोलीस व्हिडिओ गाजल्यावर जागे होतात, हे मला मान्य नाही. ठाण्यातल्या हवालदाराला गावात कोण कमरेला काय लावून फिरतं हे पाठ असतं.

याच जिल्ह्यातून नवरा-बायकोचा एक कोयता उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतो आणि ती फेडायला सहा महिने फडात राबतो. सरकारी शस्त्र कारखान्यातल्या साध्या रिव्हॉल्व्हरची किंमत त्या उचलीच्या घरात जाते. ज्याला खरंच जिवाची भीती आहे, तो फडातला मजूर किंवा मुकादमाने डांबून ठेवलेला माणूस, त्याच्या अर्जावर कधी धोका लिहून आलेला मी ऐकला नाही.

२०२५ मध्ये शंभरावर परवाने रद्द झाले. चांगलं झालं, पण तेवढ्यावर थांबू नका. रद्द झालेल्या प्रत्येक परवान्याच्या फायलीत शिफारस कोणाची होती आणि चौकशी अहवालावर सही कोणाची, ती नावं जिल्हाधिकारी कार्यालयाने फलकावर लावावीत. रद्द परवान्यांची शस्त्रं ठाण्यात जमा झाली का, तेही तारखेसकट लिहावं. उरलेल्यांना नूतनीकरणाच्या वेळी धोक्याचं कारण नव्याने सिद्ध करायला लावावं, जुन्याच कागदावर शिक्का मारून नव्हे.