इट नावाचा इसम

डोंबिवलीतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत इंग्रजीचे एक निवृत्त सर असतातच. आमचे सर तळमजल्यावर राहतात. पावसाचं पाणी सगळ्यांत आधी त्यांच्याच घरात शिरतं. पण त्यांना धास्ती असते ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिरणाऱ्या इंग्रजीची.

जून लागला की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सकाळीच लिहितात, 'रेन इज कमिंग.' लगेच सर विचारतात, 'फ्रॉम व्हेअर? कल्याण?' मग कुणी तरी सारवासारव करत लिहितं, 'इट इज रेनिंग सिन्स मॉर्निंग.' झालं! सरांच्या कपाळावरची शीर उडायला लागते. सिन्स आला की 'हॅज बीन' आलंच पाहिजे. सकाळी सुरू झालेला पाऊस अजून पडतोय ना? मग तो प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसमध्येच पडला पाहिजे.

सर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढले आणि रेन अँड मार्टिन शिकवत निवृत्त झाले. त्यातला रेन म्हणजे पाऊस नव्हे, तो एक पक्षी, मार्टिनही पक्षीच, आणि इथे दोन्ही आडनावं, हे ते न विचारताच सांगतात. पास्ट परफेक्ट शिकवताना त्यांनी डॉक्टर पोचायच्या आत इतके रोगी दगावू दिले, की गावातल्या डॉक्टरांनी खरं तर तक्रार करायला हवी होती. पावसाळ्यावरच्या निबंधात मात्र कुत्री-मांजरं पडलेली त्यांना खपत नसत. वर्गातल्या एकूण एक पोराच्या वहीत 'कॅट्स अँड डॉग्ज'! दर प्राण्यामागे अर्धा गुण कापला जाई.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, इट इज रेनिंग म्हणजे पाऊस पडतोय. मग यातला इट कोण?"

"कुणी नाही."

"मग पाऊस कोण पाडतो?"

"इटच पाडतो. पण तो कुणी नाही. खाली बस."

मराठीत पाऊस आपला आपण पडतो, रुसतो, दडी मारतो, परतीचा होऊन जाता जाता भातही झोपवतो. इंग्रजीत हे सगळं त्या इट नावाच्या इसमाच्या गळ्यात. सरांना यात काही खटकत नाही. कर्ता असल्याशी कारण. तो कोण, ही चौकशी पोलिसांची.

हवामान खात्याबद्दल मात्र त्यांना अपार आदर आहे. तिथे 24 तासांत 64.5 मिलिमीटर पडल्याशिवाय पावसाला 'हेवी' म्हणत नाहीत, 'व्हेरी हेवी'ला 115.6 लागतात आणि 'एक्स्ट्रीमली हेवी'ला 204.5. विशेषण असं मापून देणारं खातं सरांना मनापासून आवडतं. ग्रुपवर कुणी उगाच 'व्हेरी हेवी' लिहिलं की ते मिलिमीटर विचारतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा त्यांनी नंतर वाचला, तेव्हा 'एक्स्ट्रीमली'च्या पुढे काय, या विवंचनेत ते आठवडाभर होते. घरातला गाळ बाईंनी काढला.

परवा गाड्या बंद पडल्या. तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा ऑफिसला निघाला होता, तो जिन्यातूनच परत फिरला आणि साहेबांना रजेचा मेसेज करायचा म्हणून सरांच्या दारात उभा राहिला. तो 'नो ट्रेन, हेवी रेन' एवढंच लिहिणार होता. सरांनी त्याला खुर्चीवर बसवून सांगितलं, "लिही. ओइंग टू इन्सेसंट रेनफॉल, कॉमा, द ट्रेन सर्व्हिसेस हॅविंग बीन सस्पेंडेड, कॉमा, आय रिग्रेट माय इनॅबिलिटी टू अटेंड ऑफिस टुडे." पोराने निमूटपणे लिहून पाठवलं. मिनिटभरात साहेबांचं उत्तर आलं: नुसता अंगठा.

सरांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला, खाली ओढून पाहिला.

"कर्ता नाही, क्रियापद नाही," ते म्हणाले. "रजा दिली की देणार आहे, हे कळायचं कसं?"

पोराने तोवर बूट काढून हातात घेतले होते.