हप्तेबहाद्दर

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. गल्लीत तो हप्तेबहाद्दर. सातपूरच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे फिटर आहे. पगार होतो दहा तारखेला आणि हप्ते कापले जातात पाचला. मधले पाच दिवस त्याची सगळी बुद्धी कामाला लागते. एका अ‍ॅपचा हप्ता दुसऱ्यावरून उचल घेऊन भरायचा, दहाला दुसऱ्याचं फेडायचं आणि अकराला पुन्हा पहिल्यावर काय नवीन आलंय ते बघायचं. खात्यात पैसे नसले तर दंडही दुहेरी, एक कर्ज देणाऱ्या कंपनीचा, एक बँकेचा. "दोघांचंही लक्ष असतं काका आपल्यावर," असं तो म्हणतो, आणि त्यात तक्रार नसते.

सुरुवात बुटांनी झाली. पंधराशेचे बूट, तीन हप्ते. जनधन खातं त्याच्याकडे आधीपासून होतं, पण बँकेत तो फक्त पासबुक भरून घ्यायला जायचा. कर्ज मागायला सॅलरी स्लिप लागते आणि कंत्राटदार ती देत नाही. अ‍ॅपने पॅन घेतलं, आधारचा ओटीपी घेतला, सेल्फी काढायला लावला आणि पडद्यावर आलं: 'अभिनंदन! आपण पात्र आहात.' दहावीनंतर त्याचं अभिनंदन कोणी केलं नव्हतं. तीन हजारांची लिमिट दहा हजार झाली तेव्हा त्याने गल्लीत पेढे वाटले. पगार वाढल्याचा गैरसमज होऊन आईने देवापुढे दिवा लावला. पेढेही 'नंतर द्या'वरच आणले होते.

बिनव्याजी हप्त्यांवर त्याच्याशी वाद घालू नये. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, असं मी सांगून पाहिलं. "बँकांना ना? मग बरोबर आहे," तो म्हणाला. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी दाखवला, तर म्हणाला, "ते व्याज कुठंय? ते प्रोसेसिंग आहे."

जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने उधारीच्या पैशाने वॉलेट आणि कार्डं भरायला बंदी केली. त्याचं एक लाडकं कार्ड गेलं. आठवडाभर घरात सुतक. त्याच वर्षी डिजिटल कर्जाचे नियम आले. कर्जाचा खरा वार्षिक खर्च आधी एका कागदावर सांगायचा, असं त्यात आहे. तो कागद हा अंगठ्याने वर सरकवतो. वसुलीचा नियम मात्र तोंडपाठ: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. पाच ते दहा तारखेच्या दरम्यान तो दिवसभर कोणाचाच फोन उचलत नाही, आमचाही नाही. सात वाजून पाच मिनिटांनी गॅलरीत येऊन शीळ घालतो.

सध्या त्याच्यासाठी स्थळं बघताहेत. हा पत्रिकेबरोबर सिबिलचा स्कोअरही पाठवतो, ९०० पैकी ७४२. आपण हसतो, पण मूर्तिजापुरात मुलाचा स्कोअर पाहून मुलीकडच्यांनी लग्न मोडल्याची बातमी २०२५ मध्ये छापून आली होती. तेव्हा ह्या बाबतीत शहाणा कोण हे मी ठरवायला जात नाही.

मला खटकतं ते वेगळंच. त्याच्या आईचं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात वीस वर्षांचं खातं आहे. कंत्राटदाराने पगार लांबवला की शेठ स्वतःच म्हणतो, "ह्या महिन्यात राहू द्या ताई." अ‍ॅपला कंत्राटदार माहीत नाही, त्याला पाच तारीख माहीत आहे. आणि वीस वर्षांच्या त्या व्यवहाराची सिबिलमध्ये एक ओळ नाही, बुटांची आहे.

हे मी त्याला एकदा बोललो. त्याला ते इतकं पटलं की तो तडक दुकानात गेला.

"शेठ, आमचं वहीवरचं सगळं सिबिलला कळवता येईल का?"

शेठने चष्मा वर केला. "कळवू की. पण मग दिवाळीचं तेलही कळवावं लागेल."

"कुठलं तेल?"

"तू नेलेलं. आईला सांगू नका म्हणून."

"राहू द्या," हप्तेबहाद्दर म्हणाला, आणि दोन किलो साखर लिहून ठेवायला सांगितली.