आधी पोलंडला जाऊन या

ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला फुलं वाहिली आणि आपली छाती फुगली. फुगावीच. महायुद्धात रशियाने सायबेरियाकडे नेऊन टाकलेले पोलिश लोक इराणमार्गे इकडे आले. पोरक्या पोरांना नवानगरचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहांनी गुजरातेत बालाचडीत ठेवून घेतलं. 1943 ते 48 कोल्हापूरजवळ वळिवड्यात सुमारे पाच हजार माणसं राहिली, त्यात बहुतेक बायका-मुलंच. बराकीत घर, शाळा, दवाखाना, चर्च, वर नाटकाला रंगमंच. (खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारवर होता, एवढं भाषणात गाळलं जातं.) ते गेले, त्याच जागी सिंधी निर्वासित आले, गांधीनगर झालं. आज तिथल्या दुकानांत आमच्या सुरतेच्या साड्यांचे गठ्ठे सुटतात.

आता सुरतेजवळच्या चलथाणला या. नंदुरबारहून येणारी तापी लाइनची गाडी थेट इथे आणून सोडते, पण कोयते ट्रकने येतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको मिळून एक. उचल घेतली पावसाळ्यात, फेडायची उन्हाळ्यापर्यंत, मधे ऊस. दिवाळी सरली की पलसाणा-बारडोलीच्या पट्ट्यात मोकळ्या वावरात पडाव पडतात. बांबूच्या कामट्या, वर काळं प्लास्टिक, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने विटा. आत शिरायचं तर कमरेत वाकून. चूल बाहेर, न्हाणी कुठेच नाही. एवढ्यात पोरं, कोंबड्या, पाण्याचा हंडा आणि उद्याचा कोयता. ऊसतोड पुढे सरकली की घर गुंडाळून डोक्यावर.

यांच्यासाठी कायदा नव्हता म्हणता? होता की, चांगला 1979 पासून 2025 पर्यंत! दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुराला राहायला धड जागा ठेकेदाराने द्यायची. डांगचे मजूर त्यातही बसत नव्हते, ते पडले गुजरातचेच. ठेकेदार म्हणजे मुकादम. मुकादमाला विचारा, तो कारखान्याकडे बोट दाखवतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. शेतकऱ्याला विचारा, तो म्हणतो, पडाव कधी उठतोय? नांगर घालायचाय.

उलट निर्वासितांचं बघा. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आश्रय मागणाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तरी वळिवड्यात पोलिशांना छप्पर मिळालं, पुढे भंडाऱ्याकडच्या जंगलपट्ट्यात तिबेटींनाही वसाहत मिळाली. कायदा नाही त्यांना घर, कायदा होता त्यांना प्लास्टिक.

आणि हे कोयते परके तरी कुठले? या उसाला पाणी उकाई-काकरापारचं. उकाईच्या जलाशयाखाली नवापूर तालुक्यातल्या आदिवासींच्या जमिनीही गेल्या. ज्यांचं वावर पाण्यात बुडालं, त्यांच्याच नातवंडांनी त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायचा, आणि राहायचं पाटाच्या कडेला. निर्वासित म्हणायला याहून काय लागतं? पासपोर्ट?

तेव्हा कोयत्यांना फुकटचा सल्ला. पुढच्या हंगामाला निघताना आधी पोलंडला जाऊन या. नाहीच जमलं, तर मुकादमाच्या वहीत नावापुढे ‘वॉर्सा’ एवढं तरी लिहून घ्या. स्मारक आपण नक्की बांधू. फक्त तेवढं वावर सोडून बोला, नांगरट राहिलीय.