मा. शेरीनाला साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. शेरीनाला साहेब,
मु. कृष्णाकाठ, सांगली.

विषय : आपल्या अखंड सेवेबद्दल अभिनंदन.

महोदय,



सांगलीत नगरपालिका होती तेव्हा आपण शहराचं सांडपाणी घेऊन कृष्णेत वाहत होता. 1998 साली सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली, तरी आपण वाहतच राहिलात. निवडणूक आली की आपल्याला हटवण्याच्या शपथा होतात. शपथ घेणारे हटतात, आपण जागा सोडत नाही.

मध्यंतरी आपली बदली धुळगावला करायचं ठरलं. सांडपाणी उपसायचं, तिकडे नेऊन शेतीला द्यायचं. योजना उत्तमच, पण पंपाला वीज लागते, आपल्याला नुसता उतार पुरतो.

पावसाळ्यात कृष्णा फुगली की आपण माघारी वळता आणि सांगलीकरांचं सांगलीकरांना घरपोच करता. अशी तत्परता कुठल्या खात्यात आहे?

उन्हाळ्यात पात्र आटतं. मैला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, मासे पोट वर करून तरंगतात. मग महापालिका कारखान्याकडे बोट दाखवते, कारखाना आपल्याकडे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेऊन जातं. तोवर कोयनेतून पाणी सोडण्याची मागणी होते. पाणी सुटतं, मासे खाली जातात, त्यांच्यासोबत प्रश्नही.

आम्हा सातारकरांना हसायला तोंड नाही. पिताना आम्ही कासच्या तलावाकडे बघतो, सोडताना नदीकडे. आमचं सांडपाणी वेण्णेला, वेण्णा माहुलीत कृष्णेला. त्याच संगमावर आम्ही भक्तिभावानं ओटी भरतो. पुढे साताऱ्याचं कऱ्हाडला, कऱ्हाडचं सांगलीला, सांगलीचं मिरजेला. वरच्यानं सोडायचं, खालच्यानं गाळून प्यायचं. हा पाणीवाटपाचा करार कुणी लिहिला नाही, म्हणून तो मोडल्याचा खटलाही कधी उभा राहत नाही.

एकच विनंती. वरच्या प्रत्येक शहरानं आणि कारखान्यानं पिण्याचं पाणी स्वतःच्याच सांडपाण्याच्या खालच्या अंगाला उचलावं, असा नियम उद्या कुणी सुचवला, तर तो हाणून पाडा. नाहीतर बंद पडलेली प्रक्रिया केंद्रं आठ दिवसांत सुरू होतील आणि आमच्याकडच्या आपल्या भाऊबंदांवर बेकारीची वेळ येईल.

कळावे, लोभ आहेच. तो रोज पाठवतो.

आपला,
वरच्या अंगाचा एक सातारकर

प्रत : नरसोबाची वाडी, माहितीसाठी. (मूळ जिन्नस नदीमार्गे रवाना.)