वडील दोनदा खोकल्यास काय करावे

(सातारा-सांगली पट्ट्यातील लेकी, सुना, मुलगे व जावई यांच्यासाठी)

प्रस्तुत मार्गदर्शिका रुग्णासाठी नाही. रुग्णाला विशेष काही करायचे नसते. तो खोकतो आणि मोकळा होतो. खरी मेहनत नातेवाइकांच्या वाट्याला येते आणि तिचे रीतसर शिक्षण कुठल्याही मेडिकल कॉलेजात मिळत नाही. ती उणीव येथे भरून काढली आहे.

उदाहरणादाखल एक घर घेऊ. सत्तरीचे अण्णा आणि आई साताऱ्यात, लेक सांगलीत विश्रामबागला, मुलगा पुण्यात. अण्णा पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढाला फिरायला जातात आणि येताना राजवाड्याजवळ मित्रांबरोबर चहा घेतात. डिसेंबर महिना. रात्री लेकीशी फोनवर बोलताना अण्णा खोकतात. दोनदा.

पायरी पहिली : खोकल्याची दखल

फोनवरचा खोकला समोरच्या खोकल्याच्या चौपट मोठा ऐकू येतो. साताऱ्यात जो ठसका असतो, तो कराड ओलांडेपर्यंत ढास होतो आणि सांगलीत पोहोचेस्तोवर छातीत कफ झालेला असतो. म्हणून लगेच उलटतपासणी सुरू करावी.

"अण्णा, हे कधीपासनं?"

"काय कधीपासनं?"

"खोकला!"

"अगं, तूच पाठवलेलं भडंग खातोय. मिरची लागली."

हे उत्तर ग्राह्य धरू नये. रुग्णाला स्वतःच्या प्रकृतीतले काही कळत नाही, हे या शास्त्राचे पहिले गृहीतक आहे. फोन आईकडे द्यायला सांगावा आणि तेच प्रश्न तिला हळू आवाजात विचारावेत. हळू आवाजाने विषयाला गांभीर्य येते.

पायरी दुसरी : बातमी

बातमी आधी पुण्याच्या भावाला, मग कराडच्या आत्याला, मग फॅमिली ग्रुपवर. आत्याकडून एक वाक्य हमखास मिळते : "आमच्या शेजारच्या बापूंचं असंच साध्या खोकल्यानं सुरू झालं होतं." येथे उसासा टाकून थांबायचे असते. बापूंचे पुढे काय झाले, हे कुणी विचारू नये. बापू ठणठणीत आहेत आणि रोज संध्याकाळी पत्ते कुटतात, हे कळले तर सगळाच विरस होतो.

पायरी तिसरी : उपकरणे

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल. तो पहाटेच्या थंडीत, अण्णा फिरून आल्या आल्या, गारठलेल्या बोटाला लावावा. गार बोटात रक्त कमी फिरते आणि यंत्र हमखास कमी आकडा दाखवते. घरातल्या महिलांवर प्रयोग करायचा असल्यास नेलपॉलिश राहू द्यावे. त्यानेही आकडा चुकतो. हात चोळून, ऊब आणून, मिनिटभर थांबून आकडा घेतला तर तो ९५ च्या वर येण्याचा धोका असतो.

बीपीचे यंत्रही असेच वापरावे. नियम सांगतो की, पाच मिनिटे शांत बसवा, पाठीला आधार द्या, पट्टा उघड्या दंडावर बांधा, मोजताना बोलू नका, चहा घेतल्या घेतल्या मोजू नका. आपण अण्णांना जिना चढवून आणावे, पट्टा स्वेटरवरून बांधावा आणि मोजताना जमिनीच्या वाटणीचा विषय काढावा.

थर्मामीटरबाबत मात्र सावध राहावे. ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, ही सरासरी वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरने १८६८ साली प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून ९९ दिसले की जग घाबरते. प्रत्यक्षात शरीराचे तापमान दिवसभर खालीवर होत असते आणि डॉक्टर सहसा १००.४ पासून ताप मानतात. ही माहिती आत्यापर्यंत जाऊ देऊ नये.

पायरी चौथी : रिपोर्ट

डॉक्टरांनी सांगितले नसले तरी 'फुल बॉडी चेकअप' करून घ्यावे. ही पायरी सहसा वाया जात नाही आणि त्यामागे गणित आहे. बहुतेक चाचण्यांचा 'नॉर्मल' पट्टा निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक आत बसतील असा आखलेला असतो. उरलेले पाच टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६० टक्क्यांहून जास्त. तो ठळक आकडा ग्रुपवर टाकावा आणि खाली फक्त हात जोडलेले चित्र द्यावे.

पायरी पाचवी : मिरज

या पट्ट्यातल्या काळजीला शिडी आहे : चौकातले डॉक्टर, मग कराड, मग मिरज आणि सगळ्यात वर पुणे. यांपैकी मिरजेचा मान वेगळा. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले आणि पुढच्या काळात कोकणातून, कर्नाटकातून माणसे या गावाकडे येऊ लागली. आजही "मिरजेला नेलंय" एवढे म्हटले की ऐकणारा खुर्चीत सावरून बसतो. कशासाठी नेले, हे सांगावे लागत नाही. सांगलीकर लेकीची पंचाईत अशी, की मिरज तिच्या हाकेच्या अंतरावर आहे. साताऱ्याच्या माणसाला निघेपर्यंत विचार करायला सवड मिळते. तिला तीही नाही. ती चौकातल्या डॉक्टरांची पायरी गाळून थेट छातीच्या स्पेशालिस्टचा नंबर लावते.

चौकातले डॉक्टर गाळण्याचा फायदा पुढे दिसेल.

पायरी सहावी : घरगुती मंडळ

दरम्यान आई मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते, आत्या गवती चहाचा काढा सांगते आणि लेक सांगलीची हळद पाठवते. या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे तिच्याविषयी शंका घेणे हा जिल्ह्याचा अपमान ठरतो. अण्णांनी काढा, हळददूध, वाफारा आणि सुंठ हे सर्व घ्यावे. कशाने बरे वाटले, हे कळायला नको.

पायरी सातवी : रुग्णाचा प्रतिहल्ला

येथवरच्या पायऱ्या नेटाने पार पाडल्यास महिन्याभरात फळ मिळते : अण्णा लपवायला शिकतात. फोन आला की आधी पाणी पितात. ढास लागली की फोन आईकडे देतात, "दूधवाला आलाय" म्हणतात किंवा मोठ्याने हसतात. साताऱ्याचा माणूस, "काय न्हाय, एकदम ओके" हे त्यांचे उत्तर आता कायमचे. लेकीला वाटते, काढा लागू पडला.

येथे एका फ्रेंच माणसाची आठवण काढणे भाग आहे. मोलिएरने नसलेल्या आजारांनी पछाडलेल्या गृहस्थावर प्रहसन लिहिले आणि त्या गृहस्थाचे काम स्वतःच केले. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी चौथ्या प्रयोगात त्याला खरोखरीचा झटका आला. त्याने तो हसण्याखाली झाकला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. प्रयोग पूर्ण झाला आणि काही तासांत मोलिएर गेला. प्रेक्षक आजाराच्या सोंगाला हसायला आले होते. त्यांना खरे दुखणे कसे दिसावे?

अण्णांचे तेवढे गंभीर नाही. पण मिरचीच्या त्या ठसक्यानंतर काही दिवसांनी त्यांना खरोखरच कोरडी ढास लागली होती, रोज रात्री, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. नव्याने सुरू झालेल्या बीपीच्या गोळीने ती लागली होती. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना असा कोरडा खोकला होतो. तो ओळखायला स्पेशालिस्ट लागत नाही. गोळी लिहून देणारे चौकातले डॉक्टर पुरतात. ते ती बदलून देतात. आपल्या मनाने बंद करायची नसते, एवढेच पथ्य. पण त्यांना आपण पाचव्या पायरीवर गाळले होते.

परिशिष्ट : घाबरण्याची खरी ठिकाणे

काही गोष्टींत मार्गदर्शिका मिटवून पळावेच लागते. छातीत दडपण किंवा कळ, सोबत घाम, बसल्या जागी धाप, तोंड एका बाजूला वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, थुंकीत रक्त. यात ग्रुप, आत्या, काढा काही नको; १०८ फिरवायचा. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेल्या खोकल्यात थुंकीची तपासणी करून घ्यायची; क्षयरोगासाठी ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. दोन-तीन दिवसांत न उतरणारा ताप आणि कारण नसताना घटणारे वजन डॉक्टरांना दाखवायचे. ही यादी कागदावर लिहून आईबाबांच्या फ्रिजवर लावता येते, आणि यादीत न बसणाऱ्या खोकल्याला चार दिवस खोकू देता येते.

आपली भीती बघून ज्याला स्वतःचे दुखणे गिळावे लागते, त्याच्या दुखण्याची खबर आपल्याला सगळ्यात शेवटी लागते. तेव्हा आज फोन कराल तेव्हा प्रकृतीचा प्रश्न एकदाच विचारा, उत्तर येईल ते ऐकून घ्या आणि मग राजवाड्यावरच्या चहाला आज कोण कोण होते ते विचारा. गप्पा लांबू द्या. ज्या घरात खोकल्यावर कुणी किंचाळत नाही, त्या घरातला माणूस छातीत दुखले तर वेळेवर सांगतो.