बॉक्सवाले मामा

बिलोलीत कुणाच्याही घरी गेले की बॉक्सवाले मामा आधी सोफ्यावरची उशी दाबून बघतात. घरच्यांना वाटतं, पाहुणे दमलेत. मामा चाचपत असतात की आत रुई आहे, फायबर आहे की फोमचा चुरा.

मामांना नाद घरी स्पीकर बनवण्याचा. निझामाबादेहून जुना वूफर आणायचा, अठरा एमएम प्लायचा खोका ठोकायचा, हे त्यांच्या हातचा मळ. अडतं ते पुढं, आत काय भरायचं इथं.

तपासणीला गाणं चालत नाही. गाण्यात सगळं खपून जातं. आकाशवाणीवर पुरुष निवेदकाच्या बातम्या लावायच्या, डोळे मिटायचे, आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटला की लगेच पेचकस घ्यायचा. देशात काय घडलं ते मामांना विचारू नये.

पंचाईत अशी की मामांचं शास्त्र बिनचूक असतं. बॉक्सची आतली उंची दोन फूट असली की साधारण 280 हर्ट्झचा सूर वरखालच्या फळ्यांमध्ये अडकून घुमतो. फळीला खेटून हवा जवळपास हलतच नाही. सगळ्यात जास्त हलते ती मधोमध. म्हणून फळीला चिकटवलेला इंचभर फोम त्या सुराचं काही वाकडं करत नाही. भरण मध्यात पाहिजे, आणि मोकळंढाकळं पाहिजे. फळीच थरथरत असेल तर तो आजार निराळा; तिथं आतून आडवी पट्टी मारावी लागते, उशी भरून भागत नाही.

अंड्याचे ट्रे घेऊन आलेल्या एका पोराला मामांनी ओट्यावरूनच वाटेला लावलं. ग्लासवूल काम चोख करते, पण नंतर अंगाला खाज सुटते. रुई कालांतरानं दबून तळाशी बसते, पावसाळ्यात ओल धरते. फायबर फुगून राहतं. आणि लोकर! 1965 साली इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात ए. आर. बेली यांनी लांब धाग्याची लोकर भरलेला बॉक्स मांडला होता, हे कळल्यापासून मामा घोंगडी पांघरलेल्या माणसाकडे फार आपुलकीनं बघतात.

एकदा मामींना समजावत होते, “हवा दाबली की तापती. धागे ती उष्णता पितात, मग हवा जरा नरम पडती. बंद बॉक्स वूफरला हाय त्याच्यापेक्षा मोठा वाटतो. ठासून भरलं तर मात्र उलटं.”

“मग घरात भरा की कापूस,” मामी म्हणाल्या, “एक खोली वाढंल.”

घरातला कापूस तोवर बॉक्समध्ये गेलेलाच होता. मागच्या थंडीत बोधनहून पाहुणे मुक्कामाला आले. रात्री गारठा वाढला, तसं त्यांनी संकोचत पांघरूण मागितलं.

“रजई हाय की,” मामा म्हणाले, “पण ती सध्या वाजायलीय.”

आता मामी कडाडणार म्हणून पाहुणे अंग चोरून बसले. मामी आतून पेचकस घेऊन आल्या.

“डाव्या बॉक्समधली काढा,” त्या म्हणाल्या. “उजवीकडं आत्याबाईंची गोधडी हाय, तिला हात लावू नका. त्या बाजूचा आवाज आत्ता कुठं सुधरायलाय.”